त्यांना माहीत होतं

हवालदार नखं कापत होता. माझा अर्ज त्याच्यासमोर टेबलावर पसरलेला होता आणि कापलेली नखं त्या अर्जावर पडत होती. अंगठ्याचं जाड नख टचकन उडालं आणि माझ्या भावाच्या नावावर जाऊन बसलं. त्यानं ते पाहिलं. फुंकर मारायचीही तसदी घेतली नाही.

“वाचला का, साहेब?” मी विचारलं.

“वाचायचंय काय त्यात?” त्यानं दुसऱ्या हाताची करंगळी पुढं घेतली. “मला एक सांगा मॅडम. खोली घेताना जात लपवायची. तीन-तीन वर्षं लोकांच्या घरात, देवळात वावरायचं. आणि माणूस मेला की मग जात बाहेर काढायची. भारी आहे राव तुमचं.”

मागच्या बाकावर बसलेले दोघं फिसकन हसले. ते कोण होते देव जाणे. चौकीत असे दोघं कायम बसलेले असतात. काम काही नसतं, हसायला मात्र तयार असतात.

मी अर्ज उचलला. त्याच्या टेबलावरच झटकला, त्याची नखं त्याला परत दिली आणि अर्ज पुन्हा तिथंच ठेवला. त्या दिवशी एवढंच केलं. तो हलकट माणूस बोलला त्यातलं अर्धं खरं होतं. जात लपवली होती आम्ही. खरं सांगायचं तर मी लपवली होती.

ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आम्ही परभणीकडचे. वडील लवकर गेले. मी, धाकटा भाऊ बालाजी आणि माय, एवढंच घर. मी भोसरीत एका वर्कशॉपच्या स्टोअरला लागले, बालाजी चाकणला एका गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायला लागला, तेव्हा मायला इकडं आणायचं ठरलं. त्यासाठी खोली पाहिजे होती. आणि आमचं आडनाव असं की ते वरच्यांतही असतं आणि आमच्यातही असतं. इथं ते लिहीत नाही. लिहिलं की वाचणाराही तेच विचारणार, कुठले?

आडनावावर पोट भरत नाही या लोकांचं. मग गाव विचारतात, तालुका विचारतात, कुलदैवत विचारतात. सरळ जात विचारायची लाज वाटते म्हणून एवढा वळसा. आणि वळसा घालतो म्हणून स्वतःला सुधारलेले समजतात.

पिंपळे गुरवला एका बाईनं खोली दाखवली. नळ दाखवला, कपडे वाळत घालायची तार दाखवली, आणि मग हसत हसत मायला विचारलं, “मामांचं आडनाव काय तुमच्या?” माय भोळी. तिनं सांगून टाकलं. मामाच्या आडनावात आमची जात लपत नाही. बाईला एकदम आठवलं की तिचा पुतण्या राहायला येणार आहे. भोसरीत आणखी दोन ठिकाणी असेच पुतणे निघाले. या शहरात खोल्या कमी आणि पुतणे फार.

शेवटी भोसरीच्या पुढं, चाकणच्या वाटेवर एका जुन्या गावात खोली बघितली. घरमालक अण्णा. जमिनीवर कंपन्या आल्या, उरलेल्या तुकड्यावर यांनी खोल्या बांधल्या. बायको, तिला सगळे काकी म्हणायचे. एकुलता एक मुलगा सागर, बालाजीच्याच वयाचा. काकींनी पोह्यांची बशी पुढं केली आणि विचारलं, “तुमी आमच्यातलेच ना?”

मी मान हलवली. तोंडानं हो म्हणाले नाही, नुसती मान हलवली. माय माझ्याकडं बघत राहिली. बालाजीनं पोहे खायला घेतले होते, त्यानं बशी खाली ठेवली.

रात्री तो म्हणाला, “आक्का, हे बरं नाही केलंस.” मी म्हणाले, “मग झोप रस्त्यावर.” मी मोठी होते, शहाणी होते, नोकरीत जुनी होते. माझ्या शहाणपणाला आग लागो.

तीन वर्षं आम्ही त्या एका हलवलेल्या मानेखाली काढली. गावाकडून आणलेला, भिंतीवर लावला की जात कळेल असा एक फोटो मायनं ट्रंकेत तळाला ठेवला. पाहुणे आले की आम्ही त्यांना फाट्यावरच भेटायचो. कुणी मोठ्यानं बोललं की माय दार लोटून घ्यायची. आणि काकी मात्र मायवर जीव लावून होत्या, हेही सांगितलं पाहिजे. मायच्या हाताला चव आहे. यात्रेच्या दिवशी काकींच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या पितळी परातीत, मायनं पुरणपोळीची कणीक मळली. गावदैवताच्या नैवेद्याची. काकी शेजारणीला सांगत होत्या, “ह्या बाईवानी पोळी आमच्या भावकीतल्या सुनांस्नी न्हाई जमत.”

त्याच यात्रेला पालखी निघाली. पालखीला खांदा द्यायचा मान गावच्या ठरावीक घरांचा. बाहेरच्याला कुणी जवळ येऊ देत नाही. पण सागर आणि बालाजीचं गूळपीठ जमलेलं. एकत्र क्रिकेट, एका गाडीवर फिरणं. सागरनंच बालाजीला हाताला धरून ओढलं, “ये भावा, धर!” आणि बालाजीनं वेशीपासून देवळापर्यंत उजव्या खांद्यावर पालखी वाहिली. भंडाऱ्यानं पिवळा होऊन घरी आला. मी घाबरले होते. म्हणाले, “अरे, उद्या कळलं तर?”

“देवाला तर कळलंच असंल की आक्का,” तो म्हणाला. “तो काही बोलला नाही.”

पुढं त्याच वर्षी बालाजीची एका नगरपालिकेच्या फायरमन भरतीत निवड झाली. आमच्या सात पिढ्यांत पहिली सरकारी नोकरी. त्यासाठी जात पडताळणी समितीकडं कागद पाठवायचे होते. फॉर्मवर लिहिलं होतं, सध्याचा पत्ता. त्यानं लिहिला सध्याचा पत्ता. खोलीचा. जात लपवून राहायचं आणि जातीचा कागद त्याच घराच्या पत्त्यावर मागवायचा, अशी चूक फक्त आम्हीच करू शकतो. कारण आम्हाला एकाच वेळी दोन्ही करावं लागतं. नोकरीसाठी जात सांगा, खोलीसाठी लपवा. मी रोज कंपनीत पत्ते वाचते. कंपनीचा पत्ता दे, एवढं त्याला सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

समितीचं पत्र आलं. मी कामावरून आले तर ते आमच्या पायरीवर पडलेलं. पाकीट फाडलेलं. काकी वरच्या ओट्यावर उभ्या होत्या. एरवी हातात भाजीची वाटी घेऊन खोलीत येणारी बाई, त्या दिवशी लांबूनच बोलली, “चुकून फाटलं.” आत लिहिलं होतं, अर्जदाराचं नाव, अनुसूचित जाती, मांग, आणि कुठले कागद अजून पाहिजेत त्याची यादी.

मग आठ दिवस आमच्याशी कुणी बोललं नाही. मोटर लावली की आमच्याच नळाला पाणी येईना. तिसऱ्या दिवशी काकींनी ती पितळी परात अंगणात आणली. राखेनं घासली. मग चिंचेनं घासली. सोन्यासारखी लख्ख केली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. माय दारात उभी राहून बघत होती. काकी तिच्याकडं न बघता म्हणाल्या, “देव बाटवला गं तुमी आमचा.”

मायनं हात जोडले. माझ्या मायनं, कणीक मळल्याबद्दल, हात जोडले! मी तिला दंडाला धरून घरात ओढलं. तेव्हाही काकींना काही बोलले नाही. आज वाटतं, तिथंच भांडले असते तर? गाव गोळा झालं असतं, चार लोकांनी ऐकलं असतं, चार साक्षीदार झाले असते. पण मला अजून वाटत होतं, खोली टिकेल.

आठव्या दिवशी बालाजी पहिली शिफ्ट करून आला. ऊन होतं अजून. चहा घेत होता, बूटही काढले नव्हते. बाहेरून गाडीचा हॉर्न वाजला. सागर होता. “बाल्या, चल. बोलायचंय.” बालाजीचा चेहरा खुलला. मला म्हणाला, “बघ, आला का नाही? दोस्त आहे माझा. सांगतो त्याला सगळं.” तो मागं बसला. कोपऱ्यावर दुसरी गाडी उभी होती, तिच्यावर दोघं होते. मी त्यांना ओळखत नव्हते. दोन्ही गाड्या सोबत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावामागच्या बंद पडलेल्या दगडखाणीच्या पाण्यात बालाजी सापडला.

पोलिसांचं म्हणणं, पोहायला गेला आणि बुडाला. बालाजीला पोहता येत नव्हतं. आमच्या गावाला नदी नाही, विहिरीत आम्हाला कुणी उतरू दिलं नाही, पोहायला शिकणार कुठं? आणि त्याच्या पायात कंपनीचे सेफ्टी शूज होते. पुढं लोखंडी टोपी असलेले, दोन्ही नाड्या बांधलेल्या. असले बूट घालून कोण पोहायला जातं? मी हे विचारलं तर हवालदार म्हणाला, “मग पाय घसरला असेल.” सकाळी पोहत होता, दुपारपर्यंत पाय घसरला. यांच्या तपासात मेलेला माणूस रोज नव्यानं मरतो.

डोक्यामागं जखम होती. आणि उजव्या खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलेलं होतं. हे पोस्टमॉर्टेमच्या कागदात आहे. तो कागद मला मिळायला पाच महिने लागले. डावा खांदा शाबूत. उजवा, ज्यावर पालखी होती, त्याचा चुरा. ही गोष्ट मी ज्या ज्या साहेबाला सांगितली तो तो म्हणाला, “दगडावर आपटला असेल.” दगडालासुद्धा माहीत असतं तर मग बरोबर कुठल्या खांद्यावर आपटायचं!

मी सागरला खुनी म्हणत नाही. मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. मी एवढंच म्हणत होते की शोधा. त्या दोघांना शोधा, गाड्या शोधा, फोन कुणाचा कुठं होता ते बघा. आणि का मारलं असेल ते लिहा. पण पोलिसांच्या हातात एक कागद होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात, बालाजी आत झाकून ठेवलेला असताना, हवालदारानं पुढं केलेला. “सही करा, म्हणजे बॉडी लवकर ताब्यात मिळेल.” मी सही केली. वाचलं नाही. त्यात शेवटची ओळ होती, आमचा कोणावरही संशय नाही. कंपनीत मी खिळ्यांच्या डब्याचं चलनसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नाही. आणि भावाच्या मरणावर न वाचता सही केली. हवालदाराची मी लाज काढते, पण आधी माझी काढलीय.

दुसरा कागद अण्णांचा जबाब. “सदर भाडेकरू आमच्याच समाजाचे आहेत असे आम्ही समजत होतो. त्यांची जात आम्हाला मयतानंतर समजली.” सागरनंही तेच लिहून दिलं, आणि बालाजीला नाक्यावर सोडलं म्हणाला. झालं. साहेब लोक खूश. ॲट्रॉसिटीचा कायदा म्हणतो, मारणाऱ्याला समोरच्याची जात माहीत असली पाहिजे. यांना माहीतच नव्हती. का नव्हती? कारण तुम्हीच लपवलीत, मॅडम. मी घाबरून हलवलेली मान यांनी उचलून आपल्या बाजूचा पुरावा करून टाकली.

खोली सोडावी लागली. दापोडीत रेल्वेच्या कडेला एका गल्लीत जागा मिळाली. तिथं कुणी मामाचं आडनाव विचारलं नाही, तिथले सगळे तसलेच, उत्तरं देऊन देऊन दमलेले.

मग मदत करणारे आले. एक पुढारी, सगळे त्यांना भाऊ म्हणत, पांढऱ्या गाडीतून आले, सोबत आठ जण आणि एक फोटोवाला. मायच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. हात तसाच ठेवून मला हळूच विचारलं, “तुम्ही आपल्यातले ना?” मी म्हणाले, “आम्ही मांग.” त्यांचा हात मायच्या खांद्यावरून आपसूक खाली आला. “मग असं करा ताई, तुमच्या संघटनेकडं जा. ते बघतील.” म्हणजे इथंही पुतण्या निघाला! पाटलाच्या ओट्यावर असतो तोच प्रश्न, फक्त गाडीला झेंडा वेगळा. कंपनीच्या मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “मॅडम, फार इमोशनल होऊ नका. लाइफ पुढं गेली पाहिजे. आणि सुट्ट्या जास्त होतायत.” त्यांच्या घरचं कुत्रं मेलं तेव्हा साहेब दोन दिवस आले नव्हते.

दापोडीच्या त्या गल्लीत समोरच कुसुममावशी राहतात. मेसचे डबे करतात. त्या कधी फार बोलायच्या नाहीत. एकदा मी मायला खाणीचं सांगत होते, मावशी दारात थांबल्या. म्हणाल्या, “कुठली खाण?” मी सांगितलं. त्या खालीच बसल्या. त्यांचा नितीन वायरिंगची कामं करायचा. त्याच गावात एका बंगल्याचं काम चालू होतं, त्या घरातल्या मुलीशी बोलतो म्हणून त्याला एकदा मारलं होतं, जातीवरून शिव्या घातल्या होत्या. महिन्याभरानं तो त्याच खाणीत सापडला. बालाजीच्या चार वर्षं आधी. “पोहायला गेला आणि बुडाला,” मावशी म्हणाल्या. शब्द न शब्द तोच. नितीनच्या पायात चप्पल नव्हती, पण कमरेला पक्कड, टेस्टर अडकवलेला हत्यारांचा पट्टा होता.

“तुम्ही काही केलं नाही?” मी जरा तावातच विचारलं.

“कुणाला सांगू बाई? मला वाटलं, माझ्या एकटीचंच असं झालंय.”

मलाही तसंच वाटत होतं. एकेकाला वेगळं गाठायचं, वेगळं बुडवायचं आणि वेगळ्या फायलीत बांधून ठेवायचं, म्हणजे कुणी दोन फायली शेजारी ठेवून बघणार नाही. आमच्यासाठी यांना डोकं चालवावंच लागत नाही, तीच ती ओळ उतरवली की भागतं.

माझं काम इनवर्डचं. म्हणजे कंपनीत गेटमधून जे काही आत येतं, त्याची नोंद मी करते. काय आलं, कुठून आलं, आणि मुख्य म्हणजे कुणी घेतलं. सहीशिवाय एक बोल्ट आत येत नाही. एक दिवस एका सप्लायरचा माणूस हुज्जत घालत होता, माल दिला म्हणून. मी त्याला नेहमीसारखं म्हटलं, “दिला ना? मग कुणी घेतला? सही दाखव.” माणूस निघून गेला आणि मी पेन हातात धरून तशीच बसले. समितीचं पत्र. ते पत्र मी पायरीवरून उचललं होतं. पण पोस्टमननं ते पायरीवर टाकलेलं नव्हतं. ते साधं पत्र नव्हतंच, त्याला पोस्टाचा नंबर होता. सही घेतल्याशिवाय ते देत नाहीत. मग सही कुणाची?

फाटकं पाकीट मायनं ट्रंकेत जपून ठेवलं होतं. बालाजीचं म्हणून. नंबर अजून वाचता येत होता.

पोस्टमनला मी त्याच्या वाटेवर गाठलं. भला माणूस, पण घाबरट. आधी म्हणाला आठवत नाही. मी बालाजीचं नाव घेतलं. मग त्यानं सायकल स्टँडवर लावली. “तुमच्या खोलीला कुलूप होतं ताई, आई कुठं बाहेर गेल्या असतील. घरमालकाच्या पोरानं घेतलं. सही केली त्यानं. पाकिटावरचं वाचून मला म्हणाला, ‘हे आमच्या भाडेकरूंचं कसं काय?’ आणि माझ्यासमोरच फाडलं.”

“हे लिहून द्याल?”

“मला रोज त्याच गावात जायचंय ताई.” तो सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिला. “मला गुंतवू नका. पण पोस्टात अर्ज करा. सहीची नक्कल मिळते. ती कुणी खोटी म्हणू शकत नाही.”

अर्ज केला. दोन वेळा परत पाठवला त्यांनी, तिसऱ्यांदा नक्कल आली. तारीख बालाजी जायच्या आधी आठ दिवसांची. खाली सागरची सही. मूर्खानं सहीखाली नावही लिहिलं होतं, आडनावासकट, ठसठशीत अक्षरात. या गावात त्यांना कधी आपलं नाव लपवावं लागलेलं नाही, त्याचा फायदा एकदा तरी आम्हाला झाला.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. त्या गुरुवारी चौकीतून स्वतः फोन आला, या म्हणून. मी गेले. आज फौजदार साहेब होते. बाजूच्या खुर्चीवर अण्णा, हातात चहा. मला कळलं, आज समजूत घालायची बैठक आहे.

अण्णा अगदी मायेनं बोलले. “हे बघ पोरी. तुजा भाऊ आमच्या सागऱ्यासारकाच व्हता. झालं ते वाईट झालं. पन तू असं अर्जावर अर्ज करून कुनाचं भलं व्हनार न्हाई. तुमी आमाला फसवलं, देवाच्या पालखीला हात लावला, तरी आमी मोठं मन करून गावात कुठं बोललो न्हाई. कळल्यावर लगीच खोली खाली करा म्हनलो का? आठ दिस गप बसलो का न्हाई?”

“बसलात,” मी म्हणाले.

फौजदार खोकले. अण्णांना अजून काही कळलं नव्हतं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि पुढचं औदार्य बाहेर काढलं. “येत्या यात्रेला बालाजीच्या नावानं गावजेवण घालू आमी. म्होरं काय पायजे?”

मला हसू आलं. आवरलं नाही, मोठ्यानं हसले. कणीक मळली तर परात भंगारात, आणि मेला की त्याच्या नावानं पंगत. फौजदारांनी माझ्याकडं टाइप केलेला कागद सरकवला. “ताई, हा पुरवणी जबाब आहे. वाचून घ्या, सही करा, विषय संपवू.”

मी वाचला. मोठ्यानं वाचला, बाकावरच्या दोघांना ऐकू जाईल असा. “गैरसमजातून अर्ज केला होता. जातीचा काहीएक संबंध नाही. घरमालकास आमची जात माहीत नव्हती.” वाचून झाल्यावर मी पेन मागितलं. फौजदारांनी हसून स्वतःच्या खिशातलं दिलं. मी त्या कागदावर आडवं लिहिलं, वाचले, खोटे आहे, सही करणार नाही. आणि पर्समधून पोस्टाची नक्कल काढून त्यावर ठेवली.

“हे तुमच्या मुलाचं अक्षर ना, अण्णा?”

अण्णांनी चष्मा लावला. वाचलं. कप खाली ठेवताना बशीत चहा सांडला. बाकावरचे दोघं आज हसले नाहीत. हवालदार उगाच दाराबाहेर काहीतरी बघायला गेला.

फौजदारांनी नक्कल उलटीपालटी करून पाहिली. म्हणाले, “यावरून खून सिद्ध होत नाही.”

“नाही होत,” मी म्हणाले. “यावरून एवढंच सिद्ध होतं की यांना माहीत होतं, आणि यांनी तुम्हाला खोटं लिहून दिलं. आणि आत्ता तुमच्यासमोर म्हणाले, कळल्यावर आठ दिवस गप्प बसलो. ते लिहून घ्या. खोटं का सांगितलं ते यांना विचारा. विचारता येत नसेल तर तसं मला लेखी द्या.”

“आवाज खाली.”

“तीन वर्षं खालीच होता. आता जात पण लिहून घ्या साहेब. मांग. माझी, मायची, बालाजीची. कुणी विचारलं नाही तरी सांगते. आता पुन्हा कुणी म्हणायला नको, आम्हाला माहीत नव्हतं.”

अण्णा उठून गेले. जाताना माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याची मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण मान सरळ होती.

गुन्हा अजून नोंदवलेला नाही. पुन्हा तीच चौकशी, तोच तपास सुरू आहे म्हणतात. सागर गाडीवर फिरतो. पण मी नक्कल, पोस्टमॉर्टेम आणि दवाखान्यात मी काढलेले बुटांचे फोटो वरच्या साहेबांकडं पाठवले आहेत आणि स्पेशल कोर्टात अर्ज टाकला आहे. त्याच्याबरोबर दुसरा अर्ज कुसुममावशींचा. त्यांनी सही करायच्या आधी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. आमचं नाव ऐकून वाघोलीकडून एक बाप आला होता, त्याचंही कुणीतरी असंच कुठंतरी बुडालेलं. त्याला म्हटलं, बसा, पहिल्यापासून सांगा, आणि कुठल्याही कागदावर सही केली असेल तर ती आधी सांगा.

दर गुरुवारी मी चौकीत जाते. हवालदार मला बघून आत ओरडतो, “आली गुरुवारवाली.” ओरड बाबा. मी तुझ्याकडं दया मागायला येत नाही. तुझ्या साहेबाच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणूनही येत नाही. बुडाला हा शब्द खोडायला येते. तो खोडा आणि तिथं लिहा, मारला. कुणी मारला ते शोधणं तुमचं काम आहे, त्याचाच पगार घेता. तुम्ही ते करत नाही तोपर्यंत मी येणार, आणि माझ्यानंतर यायला माणसं तयार करून ठेवणार.